खिडक्यांवरचा कागद

शिडाच्या बोटीच्या खिडक्या लखलखीत झाल्या, तर दातांच्या डॉक्टरला त्यातून काय मिळणार होतं? काहीच नाही. बोट त्याच्या ताईची, खिडक्या ताईच्या, त्यांतून दिसणारा समुद्रही ताईचाच. ताई कामासाठी परगावी होती. परत आली की बोट घेऊन दुसऱ्या बंदरात कायमची राहायला जाणार होती. तोवर राखण करायची, एवढंच याच्या वाट्याला. पण खिडक्यांचं काम लांबलं, तर मात्र त्याला पुष्कळ मिळणार होतं... आणि माणूस दिसतो तितका भोळा नव्हता.

सुरुवात घासणीने झाली. केबिनच्या प्लास्टिकच्या खिडक्यांवर खाऱ्या पाण्याचे डाग बसले होते आणि डॉक्टर भांड्यांची तारेची घासणी घेऊन ते मन लावून घासत होता.

"कढई आहे का ती?" शेजारच्या बोटीवरून आवाज आला.

त्याने वर पाहिलं. एक मुलगी: हातात करवत, केसांत प्लास्टिकचा भुसा, आणि नजर अशी की आपल्याच दातांत काहीतरी अडकलंय असं वाटावं.

"खिडकी आहे," तो म्हणाला.

"होती," ती म्हणाली.

धक्क्यावर तिला सगळे पटाशी म्हणायचे. बाबांच्या दुकानात बोटींच्या खिडक्यांचं काम तीच बघायची. जिभेला आणि हत्यारांना एकाच सहाणेवर धार लावत असावी. तिने आधी खिडक्या वाचवायचा प्रयत्न केला. ओला पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग पेस्ट लावून फडक्याने गोल गोल हात. बाजूच्या लहान खिडक्या उजळल्या. पुढच्या दोन मोठ्या मात्र मोतीबिंदू झाल्यासारख्या तशाच राहिल्या.

"या बदलाव्या लागतील. ओरखडे फार खोल गेलेत."

"मी लोकांचे दातही असेच मन लावून घासतो."

"तरीच दवाखाना सोडून रोज इथे दिसता. पेशंट पळून गेले असतील."

जुनी खिडकी साच्यासारखी ठेवून तिने नवे तुकडे कापले. स्क्रूंसाठी भोकं पाडली, तीही स्क्रूपेक्षा जरा मोठी.

"एवढी ढिली का?"

"उन्हात हे पसरतं. जागा दिली नाही तर तडकतं."

"आणि जागा दिली तर?"

"तर नीट बसतं... आपलं आपण." ती स्क्रूकडेच बघत होती. कान तेवढे लाल झाले होते. उन्हाने, असं समजू.

नव्या खिडक्यांवर दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेला होता, ओरखडे पडू नयेत म्हणून. "कडांना भरलेला सीलंट सुकला की हा काढायचा," ती म्हणाली. "तो निघाला की माझं काम संपलं."

डॉक्टरने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

मग एकदा त्याला पेशंट आले. एकदा वारा फार होता. एकदा सर्दी झाली. पटाशी यायची, केबिनच्या पायरीवर बसून त्याने केलेला चहा घ्यायची, "आज काढू या?" विचारायची. "आज नको," ऐकलं की कपातला चहा निवेपर्यंत पुरवायची. ऊन मात्र कुणासाठी थांबत नव्हतं.

आणि ताईचा फोन आला. "उद्या दुपारी पोचते. संध्याकाळच्या भरतीला निघणार."

डॉक्टर धावत बोटीवर गेला आणि त्याने कागदाचा कोपरा ओढला. नखाएवढा तुकडा हाती आला. बाकीचा उन्हाने भाजून खिडकीचाच होऊन बसला होता.

पटाशी आली. तिने कागदावर अंगठा फिरवला. "खायचं तेल आणा, कोमट पाणी आणा," ती म्हणाली. "तुम्ही आतून, मी बाहेरून."

तेल मुरवायचं, नखाने कडा उचलायची, पुसायचं, पुन्हा तेल. बऱ्याच वेळाने बटणाएवढी जागा आरपार झाली, आणि त्या बटणात डॉक्टरला तिचा एक डोळा दिसला.

"मला सर्दी झाली नव्हती," तो डोळ्याला म्हणाला.

"माहीत आहे."

"वाराही नव्हता."

"धक्क्यावर मोठी झालेय मी, डॉक्टर. वारा कळतो मला."

"कागद निघाला की तुमचं येणं बंद होणार, म्हणून... पण तुम्ही तरी सांगायचं ना. उन्हात हा असा चिकटतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

बाहेरचं नख थांबलं. एक स्क्रू तिरका बसला तर जिला जेवण गोड लागायचं नाही, तिने आपल्या हातचं काम डोळ्यांदेखत उन्हात भाजू दिलं होतं. हे कबूल करणं तिला किती जड गेलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

"माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"मग?"

"मग काय... चहा बरा करतोस तू."

बटणाची हळूहळू बशी झाली. आता दोन्ही डोळे दिसत होते, आणि गालाला लागलेलं तेल.

"उद्या बोट गेली," ती म्हणाली, "की तुला इथे यायला निमित्त उरणार नाही."

"निमित्ताशिवाय आलो तर?"

तिने फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं. "दुकान नऊला उघडतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा खिडक्या स्वच्छ होत्या आणि त्यांच्यामागे तेलकट हातांची दोन माणसं उभी होती.

"कधीपासून चाललंय हे?" ताईने विचारलं.

"खिडक्यांचं?" डॉक्टर म्हणाला.

"खिडक्यांचं कुठे विचारलंय मी."

भरतीला बोट गेली. धक्क्यावर दोघं तशीच उभी राहिली, शीड दिसेनासं झालं तरी. कारण दोघं बघत होती ती समुद्राकडे नव्हेच मुळी.

ज्याला जे हवं होतं ते मिळालं. त्याची किंमत कुणी भरली विचाराल, तर पटाशीच्या बाबांनी, ज्यांचा यात काडीचा संबंध नव्हता. होणारा जावई रोज नऊच्या ठोक्याला दुकानात समोर बसू लागला; एक दिवस बाबा त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर मनमोकळे हसले, आणि वर्षानुवर्षं साऱ्या जगापासून लपवलेली किडकी दाढ त्याला दिसली. बाबांनी आधी नाही म्हणून पाहिलं. मग लेकीचा चेहरा पाहिला, आणि तोंड उघडलं.

लेकीसाठी बाप पुष्कळ काही देतात. यांनी दाढ दिली.