साखळीवरचा सदरा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे दात काढलेले मला खपत नाहीत.

तुम्ही ज्या कॉलेजात मिरवता, ते काही आभाळातून पडलेलं नाही. आधी तिथं कोळशाच्या खाणीतल्या माणसांची कपडे बदलायची खोली होती. घरचे कपडे आकड्याला अडकवायचे, साखळीनं ओढून छताला चढवायचे, साखळीला भिंतीशी कुलूप घालायचं. किल्ली गळ्यात, अन् माणूस खाली. वर आला की आंघोळ, अन् त्याच टांगलेल्या कपड्यांखाली बाक मांडून रात्रीचा वर्ग. असं सुरू झालं तुमचं कॉलेज.

आमच्या भाचेजावयाचा बाप पहिल्या बाकावर बसायचा. एका पाळीला खाली गेला अन् वरचा थर कोसळला. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. खाण बंद झाली, कॉलेज वाढलं. सगळ्यांच्या साखळ्या निघाल्या, त्याची तेवढी राहिली. वर पांढरा सदरा.

जावयाची आई कुणाला हात लावू देईना. "ज्याचे कपडे त्यानंच उतरवायचे," म्हणायची. रात्री दाराला कडीसुद्धा घालत नसे.

जावई तिथंच वेल्डिंग शिकवतो. गेल्या जानेवारीत प्राचार्यांनी सांगितलं, "सोमवारी नवं छत बसतंय. साखळी कापून भंगारात जाईल."

त्यानं घरी सांगितलं. आई म्हणाली, "तू हात लावलास तर माझं तोंड बघू नकोस."

"अगं, मग भंगारात गेलेला चालेल तुला?"

म्हातारी उठून आत गेली.

रविवारी रात्री साडेअकराला तो लोखंड कापायची करवत घेऊन निघाला. भाची माहेरी आलेली, अडवायला कुणी नाही. सदरा तेवढा आईच्या हातात द्यावा, एवढंच त्याच्या मनात. किल्ली तर बापाबरोबर खालीच राहिलेली.

खोलीचं दार उघडलं. आत पाण्याचा आवाज.

नळ तर कधीच काढून टाकलेत... त्याला वाटलं, छत गळतंय. जानेवारीत कसलं गळतंय, गाढवा!

आवाज थांबला.

मग खळ्... खळ्... साखळी खाली येत होती. हळू. रोजच्या हातानं सोडावी तशी.

"कोण आहे?"

त्यानं बॅटरी लावली. आकडा रिकामा. डुलत होता. कुलूप उघडं. कुलपात किल्ली. किल्लीची सुतळी ओली... काळी.

रोज लोखंड जाळणारा गडी, करवत टाकून पळत सुटला. घरी येऊन दार ढकललं.

उघडेना. आतून कडी.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"आई! अगं आई, दार उघड!"

आत पावलं वाजली. फटीतून आईचा आवाज आला. अगदी दबका.

"ओरडू नकोस रे... आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

जावई पायरीवर बसून राहिला. उजाडल्यावर कडी निघाली. आत आई एकटीच.

खुंटीला पांढरा सदरा.

कॉलर... ओली.