बुकित तिमाहच्या पायथ्याशी

“अहो, पुढे पायरी आहे!”

मी दचकून थांबले. मान मागे टाकून एका सेराया झाडाचा शेंडा शोधत चालले होते. सिंगापूरच्या बुकित तिमाह टेकडीवरच्या जंगलातली ही झाडं म्हणजे — खोड चौघांच्या कवेत मावेल की नाही शंका, आणि शेंडा... तो तर दिसतच नाही!

“मी मराठी आहे हे कसं कळलं?”

“‘अगंबाई, केवढं हे झाड’ असं तुम्ही तीनदा म्हणालात,” तो हसू दाबत म्हणाला. “मी रत्नदीप. नागपूरचा. इथे तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे.”

“मी जान्हवी. साताऱ्याची. वन-नॉर्थला एका लॅबमध्ये असते.” मग उगाचच म्हणाले, “एकशे त्रेसष्ट मीटर, आणि याला इथे डोंगर म्हणतात! आमच्याकडे नुसती चढण म्हणतील.”

“तुमचं ठीक आहे. मला नागपूरकराला हा हिमालयच वाटतोय.”

ही २०१७ ची गोष्ट. मग दर शनिवारी सकाळी आम्ही ब्युटी वर्ल्ड मेट्रो स्टेशनपाशी भेटायचो आणि टेकडी चढायचो. तो हळू चालायचा — मला झाडं बघता यावीत म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. एकदा माकडाने माझा काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला पाव, पळवला, तेव्हा त्याने स्वतःचा मोडून मोठा तुकडा माझ्या हातात ठेवला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही आठवत नाही.

एका शनिवारी उतरताना तो म्हणाला, “जान्हवी... पुढच्या वेळी तुला काहीतरी सांगायचंय.”

“आत्ता सांग ना.”

“आत्ता नको. आधी एक फोन यायचाय.”

त्याचा इथे काम करायचा पास संपत आला होता. नागपूरला परत निघाला असेल. किंवा घरच्यांनी मुलगी पाहिली असेल! आठवडाभर मी तेच ते घोळवत राहिले, आणि शनिवारी उजाडताच चक्क खोटं लिहिलं — ‘डोकं दुखतंय. आज येत नाही.’

‘आराम कर. मी जाऊन येतो,’ त्याचं उत्तर आलं.

दहाच्या सुमारास पाऊस नुसता कोसळायला लागला. अकराला लॅबमधल्या अरुणाचा मेसेज आला — ‘बुकित तिमाहला मोठं झाड पडलंय म्हणे. तू तिथे नाहीस ना?’

मी नव्हते. तो होता.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद... मी घरातल्या चपलांवरच टॅक्सीत बसले.

पायथ्याशी पट्टी बांधून वाट अडवली होती. “कुणाला लागलंय का?” मी तिथल्या अधिकाऱ्याला इंग्रजीत विचारलं.

“अजून माहीत नाही, लाह. इथेच थांबा,” तो खास सिंगापुरी ‘लाह’ लावत म्हणाला.

वरून माणसं एकेक करून उतरत होती. मी प्रत्येक छत्रीखाली त्याचा चेहरा शोधत होते. असा किती वेळ गेला कोण जाणे... आणि मग वळणावर तो दिसला! चिखलाने माखलेला, एका चिनी आजींना धरून सावकाश उतरणारा. आजींचा पाय मुरगळला होता. त्याला मात्र साधं खरचटलंही नव्हतं.

शेजारच्या ओल्या बाकावर मी तशीच बसले. हसावं की रडावं, कळेना.

आजींना त्यांच्या मुलीकडे सोपवून तो धावत आला. “तुझं डोकं दुखत होतं ना?”

“नव्हतं दुखत! फोन का बंद तुझा?”

“पावसात भिजला... तू रडतेयस?”

“तू परत जाणार आहेस ना? एकदाचं सांगून टाक.”

“मी? कुठे? पास वाढवून मिळाला मला.”

“मग फोन कुणाचा यायचा होता?”

तो चिखलाचे हात पँटला पुसत राहिला. “आईचा. मी घरी तुझ्याबद्दल सांगितलं होतं. बाबांशी बोलून कळवते म्हणाली होती. काल आला फोन... दोघं खूश आहेत. फक्त आई म्हणाली, अरे, त्या मुलीला विचारलंस का?”

“मग?”

“मग... तेवढंच राहिलंय.”

आठवड्यात पहिल्यांदा मी मोकळा श्वास घेतला आणि बाकावर सरकून त्याला जागा केली.

“विचार,” मी म्हणाले. “पण सावकाश. मला नीट ऐकायचंय.”