न झिजणारं गवत

स्टँडखालच्या प्रयोगशाळेत डॉ. शलाका गुर्जरने पडद्यावर टेनिसच्या मुख्य कोर्टचा नकाशा उघडला आणि हेमांगी दळवी पुढे वाकून बघू लागली. कोर्टच्या दोन्ही टोकांना गडद डाग होते, नेमके ती जिथे पुढे घुसून चेंडू उचलायची तिथे. महिलांच्या स्पर्धेचा तिचा अंतिम सामना थोड्याच वेळात याच कोर्टवर होता. नवं गवत लावल्यापासून इथे एकही सामना झाला नव्हता; आधीच्या फेऱ्याही बाजूच्या कोर्टांवर झाल्या होत्या. इथली, पाचगणीचीच म्हणून सरावाची परवानगी मात्र तिला एकटीला होती.

"हे क्षतस्मृती तृण," शलाका म्हणाली. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. "ते तुडवलेली जागा लक्षात ठेवतं आणि तिथे अधिक दाट उगवतं. म्हणून झिजत नाही. पण दाट गवतात चेंडू बसतो गं, उसळत नाही."

"मग कापा ना!"

"उंची सगळीकडे सारखीच आहे. दाटी मुळापासून आहे. इतकं तुडवलंस तरी कशाला?"

हेमांगीला रडू फुटायचंच बाकी होतं. जुन्या प्रशिक्षकांचा, तात्यांचा दंडक होता: पायाखालचं गवत झिजून माती दिसली की सराव पुरे. तात्या गेले. हे नवं गवत आलं आणि माती कधी दिसलीच नाही. ती वेडी तीन वर्षं त्याच जागी घाम गाळत राहिली, गुडघा खिळखिळा होईपर्यंत. हा तिचा शेवटचा हंगाम होता आणि कपाटात एकही विजेतेपद नव्हतं.

"हरले तर लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण खरंच वाकडं आहे," शलाका हळूच म्हणाली. "आणि ते तूच केलंस."

हेमांगीचा सगळा खेळ खांद्याइतक्या उसळलेल्या चेंडूवर उभा होता. समोरची मिलेना होती खालून कापून खेळणारी, चेंडू मुळातच खाली ठेवणारी. पहिल्या सेटमध्येच मिलेनाला चेंडू मरण्याच्या जागा सापडल्या. हेमांगी वाकायची, गुडघा कळवळायचा, चेंडू जाळ्यात जायचा. जागा बदलून पाहिली, तरी ऐन घाईत पाय आपसूक जुन्या वाटेला लागायचे. तीन वर्षांची सवय अर्ध्या तासात कशी सुटणार?

शेवटच्या गुणाला मिलेनाने चेंडू उजव्या कोपऱ्यात टाकला. तो कोपरा हेमांगीला उभ्या जन्मात कधी गाठता आला नव्हता. तिथे तिचं पाऊल पडलेलं नव्हतं, म्हणून गवत विरळ होतं.

चेंडू सुरेख उसळला, बरोबर खांद्याइतका. आख्ख्या सामन्यात तिला हवा तसा हा एकच चेंडू आला. ती डाव्या बाजूच्या दाट गवतात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.