मंगलचं उष्टं

मंगलच्या ताटात भात उरला… आणि गुंजवण्याच्या त्या घरातली दुपारची जेवणं क्षणभर जागच्या जागी थबकली!

भात तरी केवढा… लहान पोराच्या मुठीत मावेल एवढा. पण सून होऊन या घराचा उंबरा ओलांडल्यापासून मंगलच्या ताटात एक शीतसुद्धा उरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. उलट सगळ्यांचं उरलेलं तिच्या ताटात यायचं. आधी सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं, मग लेकाचं, लहानग्या इंद्रजितचं, आणि आता इंद्रजितच्या लेकीचं, चार वर्षांच्या राजनंदिनीचं. घर जेवून उठलं की मंगल बसायची. पातेल्याच्या बुडाची खरवड, कोरभर भाकरी, पोरीनं चिवडून टाकलेला दूधभात, सगळं नदीनं ओढे पोटात घ्यावेत तसं निमूट सामावून घ्यायची. कुणी तिला तसं कर म्हटलं नव्हतं. कुणी नको करू असंही म्हटलं नव्हतं! धरणाच्या पाण्याखाली घरची खालची भातखाचरं गेली, तेव्हापासून सासूबाई, ठकुबाई, शिताशिताला देव मानायच्या. पानात टाकायचं नाही, हा या घरचा कायदा. आणि तो कायदा पाळायचं काम मात्र एकट्या मंगलच्या पोटाकडं!

त्या पोटानं ते काम इमानानं केलं. शरीर वाढत गेलं, गुडघे कुरकुरू लागले, साखर वाढली, झोपेत घोरता घोरता श्वास अडकू लागला. शेवटी इंद्रजितनं घाबरून आईला पुण्याला नेलं आणि पौषात पोट लहान करायची शस्त्रक्रिया झाली.

तिथल्या डॉक्टरीणबाई मोठ्या गोड. त्यांनी सगळं नीट समजावलं होतं. दुर्बिणीतून करायचं, पोटाचा बराचसा भाग काढून केळ्याएवढं ठेवायचं. आधी नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. पाणी घोटघोट, पण जेवणासोबत नाही. डाळ, अंडं, पनीर आधी, भात मागून. गोळ्या कायमच्या. "केस गळतील थोडे दिवस, गोड खाल्लं तर घाम फुटेल, उगाच रडू येईल… घाबरायचं नाही. पण मावशी, पोट भरलं की एक घाससुद्धा जास्त नाही हं!"

मंगलनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला होता, "आन् उरलं तर?"

"उरलं तर उरू द्या की!" बाई हसल्या होत्या.

बाईंना काय ठाऊक… गुंजवण्यात काही उरू देणं किती अवघड असतं ते!

आज पहिल्यांदा ती सगळ्यांबरोबर मऊ भात जेवायला बसली होती. ठकुबाईंनी तिच्या ताटाकडं पाहिलं.

"काय गं मंगल, ह्ये कुणाचं राह्यलं?"

"माझंच, आत्याबाई… जात न्हाई."

"जात न्हाई? येवढुसा भात?"

"राहू द्या ना, आजी," मंगलची सून शेफाली हळूच म्हणाली, "मी गाईला घालते."

"गाईला पेंढा हाय!" ठकुबाई फणकारल्या. मग जरा मऊ होऊन त्यांनी समजूत घातली, "अगं, नव्या वहानंवानी असतंय त्ये. आधी चावती, वापरली की सैल पडती. थोडं थोडं रेटावं लागतंय."

मंगलनं ताट पुढं ओढलं… आणि तो भात रेटला. छातीच्या मधोमध काहीतरी दगडासारखं बसलं. ती गोठ्यामागं गेली, आणि सगळं उलटून पडल्यावर भिंतीला टेकून कितीतरी वेळ उभी राहिली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. त्या उलटीच्या की दुःखाच्या, तिचं तिलाच उमजेना!

तिला हल्ली काहीच उमजत नव्हतं. भूक, जी जन्मभर सावलीसारखी सोबत होती, ती कुठं निघून गेली होती. चुलीवर आमटीला फोडणी बसली तरी आत काही हलायचं नाही. पण हात मात्र सवयीनं दुसऱ्याच्या ताटाकडं जायचे. गुडघे हलके झाले होते, बांगड्या कोपरापर्यंत मागं सरकत होत्या, फणीत केसांचे पुंजके येत होते. आरशातली ती बाई कोण? जी सगळ्यांचं संपवायची ती मंगल आता राहिली नाही, मग या घरात आपण कोण? "पांडुरंगा," ती देवघरापुढं हात जोडून विचारायची, "पोट ल्हान केलंस, लई उपकार झाले… पण घरचं उरलंसुरलं तेवढंच ठेवलंस रे! आता त्ये कुटं जायाचं?"

देव विटेवर उभा होता तसाच उभा राहिला.

असं लपूनछपून रेटणं आणि गोठ्यामागं जाणं चालू होतं, तोच होळी आली. घरात पुरण शिजलं. राजनंदिनीनं पोळीचे दोन घास खाल्ले, उरलेली तुपात भिजलेली पोळी तशीच टाकून अंगणात पळाली. मंगल ताटं गोळा करत होती. माजघराच्या दारात बसलेल्या ठकुबाईंच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, सहज शब्द गेले…

"ती पोळी पडलीय गं, मंगल."

बस्स, एवढंच. त्यात राग नव्हता, हुकूमही नव्हता. पण मंगलला तो हुकूमच! तिनं उभ्याउभ्या पोळी खाल्ली. थोड्याच वेळात अंगाला दरदरून घाम फुटला, काळीज धडधडू लागलं, आणि मग जी ओकारी सुरू झाली ती थांबेना. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. संध्याकाळी होळी पेटायच्या वेळेला तिला घरच्या टेम्पोतून भोरला दवाखान्यात न्यावं लागलं. टेम्पो इंद्रजित चालवत होता. नवऱ्याचा, संपतरावांचा हात धरून ती पडली होती, आणि मागं म्हाताऱ्या ठकुबाई, कुणी नको म्हणत असतानाही चढून बसलेल्या, तोंडानं एकसारखं देवाचं नाव घेत होत्या.

सलाईन लागलं. पुण्याच्या बाईंशी फोनवर बोलून झालं. मग तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "खाल्लं काय होतं?"

"पुरनपोळी." मंगलचा आवाज खोल गेला होता.

"कुणी दिली?"

खाटेच्या पायथ्याशी ठकुबाई उभ्या होत्या. पदराचं टोक तोंडात धरलेलं. मंगलनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं… आणि डोळे मिटून घेतले.

"कुनी न्हाई. मलाच हाव सुटली."

इंद्रजितचा तोल गेला. "आई! एवढं पोट कापून घेतलंस, एवढी सगळ्यांनी धावपळ केली… आणि तुला जिभेवर ताबा न्हाई? जीव गेला असता तुजा! आमी काय करायचं मग?" लेकराचा राग म्हणजे भीतीच होती ती, मंगलला कळत होतं. तरी एकेक शब्द काळजात रुतत गेला. तिनं कूस बदलली. ठकुबाईंनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

बिचारे संपतराव औषधांची पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यात उभे होते. ते आपले स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मला तर बुवा कायबी कळंना. खात हुती तवा डॉक्टर वरडायचे. खाईना तर आई वरडती. खाल्लं तर पोरगं वरडतंय… हिनं करायचं तरी काय?"



घरी आल्यावर सगळंच बदललं. ठकुबाई मंगलशी बोलेनात. ती चुलीकडं वळली की म्हातारी हात आडवा करी, "हितं येऊ नगंस." जेवणाच्या वेळेला तिचं ताट शेफालीच्या हातून बाहेर ओसरीवर जाई, वाटीभर डाळ, चमचाभर भात. ताटं उचलायलाही तिला कुणी बोलवेना. ज्या चुलीपाशी तिचं तारुण्य राख होऊन गेलं, त्या चुलीनं तिला परकी केलं… तिच्या पोटात आता कुणाचं उरलेलं मावत नव्हतं, म्हणून तिलाच घरात उरलेलं ठरवलं की काय? खोटं बोलून आपण ज्यांना राखलं, त्यांनीच तोंड फिरवावं? ती आढ्याकडं बघत विचार करी आणि विचारांचा गुंता अधिकच आवळत जाई.

शेवटी तिनं ठरवलं. पालीला भाऊ होता, रायबा. चैत्रातला गावचा सप्ताह उरकला की कायमचं माहेरी जायचं. "काल्याचं कीर्तन तेवढं ऐकते," ती देवाला म्हणाली, "मग तुझ्या दारातूनच एसटीला जाते." दोन लुगडी आणि गोळ्यांचा डबा घातलेली पिशवी तिनं काल्याच्या सकाळी बरोबरच आणली आणि मांडवात मांडीखाली दाबून ठेवली.

काय सांगावा त्या दिवसाचा सोहळा! मृदंगाचा घुमारा डोंगरावर आपटून परत येत होता, टाळांच्या गजरात लहान पोरंसुद्धा डोलत होती, वर दह्याची हंडी पानाफुलांनी मढवून टांगली होती. कीर्तनाला भोरचे हनुमंत महाराज उभे होते. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या अंगावर शहारा यावा.

"गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या, माउली!" बुवा सांगत होते. "कुणाची शिळी भाकर, कुणाचं आंबट दही, कुणाच्या फडक्यात नुसतंच लोणचं. देवानं काय केलं? सगळं एकत्र कालवलं. एकानं दुसऱ्याला भरवलं, दुसऱ्यानं देवाला भरवलं. आणि मग उष्टं कुणाचं, हे देवालासुद्धा ओळखता येईना! तोच काला. पण ज्या घरात सगळ्यांचं उष्टं एकाच ताटात जातं ना… तिथं काला नाही हो. तिथं नुसतं एकतर्फी वाढप!"

मंगल दचकली. बुवांना कुणी सांगितलं? तिनं घाबरून बायकांच्या गर्दीत पाहिलं. समोरच्या खांबाशी ठकुबाई बसल्या होत्या, आणि त्या बुवांकडं नाही, तिच्याकडं बघत होत्या.

हंडी फुटली. काल्याचा प्रसाद वाटला गेला, आणि मग महाप्रसादाच्या पंगती बसल्या. मंगल मुद्दाम टोकाला बसली. वाढप्यांत इंद्रजितही होता, आमटीची बादली घेऊन. पत्रावळीवर भात पडला, आमटी पडली, लापशी पडली. ती नको नको म्हणेपर्यंत पत्रावळ भरलीसुद्धा! तिनं चार घास सावकाश चावून खाल्ले. पोट भरलं. आणि समोर देवाचा प्रसाद तसाच ढीगभर…

टाकायचा? देवाचं अन्न? माहेरी जाता जाता हे पाप? तिचा हात पुन्हा भाताकडं गेला…

तेवढ्यात दुसऱ्या कुणाच्या सुरकुतलेल्या बोटांनी ती पत्रावळ अलगद ओढून घेतली.

ठकुबाई! गुडघ्यावर हात टेकत पंगत ओलांडून त्या आल्या होत्या. मंगलच्या शेजारी त्यांनी बैठक मारली, आणि सुनेच्या पत्रावळीतला भात कालवून पहिला घास तोंडात घातला.

शेजारची रतनबाई ओरडलीच, "अगं बया! ठकुबाई, सुनंचं उष्टं खाता?"

"खाती." म्हातारीनं दुसरा घास घेतला. "तुला का दुकतंय? हिनं आमच्या समद्या घराचं खाल्लं, तवा कुनी तोंडाव हात धरला न्हाई!"

ठकुबाईंनी मान वर केली आणि हाक मारली, "इंद्र्या! हिकडं ये."

इंद्रजित बादली घेऊन तसाच आला.

"त्या दिशी तुझ्या आईला हाव सुटली नव्हती. पोळी पडलीय म्हून म्या म्हनलं हुतं. माझ्यापायी ती खोटं बोलली, आन् म्या तितं उभी राहून ऐकून घेतलं." म्हातारीनं हातातला घास पत्रावळीत ठेवला. "तू वरडलास. मला वरडायचं हुतं रं… तिला न्हाई."

इंद्रजितच्या हातातली बादली कलंडली, आमटी मातीत गेली. पण त्या घडीला टाकलेल्या अन्नाकडं ठकुबाईंचंसुद्धा लक्ष गेलं नाही. "आई…" म्हणत तो तिच्यापुढं खाली बसला.

"आत्याबाई," मंगलनं विचारलं, "मग चुलीपाशी का येऊ दिलं न्हाई मला? म्या समजले, तुमाला नकोशी झाले…"

"येडी का काय तू?" ठकुबाईंनी कपाळावर हात मारला. "तू आलीस की माझं त्वांड आपसूक म्हनायचं, त्ये संपीव, ह्ये संपीव. इतक्या वर्सांची खोड माझी, कशी जायाची? माझ्या जिभंचा मलाच भरवसा न्हाई, म्हून तुला लांब ठिवली. आन् बोलू तरी कंच्या त्वांडानं? तुझं बोचकं बघितलं सकाळी, तवा उमगलं… आपन भलतंच करून बसलो."

मंगलनं त्या कृश खांद्यावर डोकं टेकलं, आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं रडू मोकळं झालं. कशाचं रडू हे तिला आजही नीट सांगता आलं नसतं… अपमानाचं, सुटकेचं, की कुणीतरी आपल्या पानात जेवतंय या नवलाचं! मांडीखालची पिशवी शेफालीनं केव्हा उचलून नेली तेही तिला समजलं नाही.

ठकुबाईंनी पत्रावळ बोटानं निपटून लख्ख केली. सगळ्यात शेवटी लापशीचा एक बारीक गोळा उरला, तो मंगलकडं बघून त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकला. "गोड हाय. तुला घाम फुटंल," त्या म्हणाल्या.

मंगल डोळे पुसता पुसता हसली, आणि एकदम तिनं पोटावर हात ठेवला.

"काय झालं? दुकतंय का?" म्हातारी घाबरली.

"न्हाई… आत कायतरी हाललं, आत्याबाई. भूक लागल्यावानी वाटतंय."

"आता? जेवल्यावर?"

"व्हय… मलाबी कळंना!"

ती भूकच होती, की दुसरंच काही, कोण जाणे. पण मांडवातून घरी परतताना दोघी एकमेकींचा हात धरून चालल्या होत्या, आणि मंगल सारखी विचारत होती की उद्या सकाळी चुलीवर काय टाकायचं…