जोडीदार बदलून हवा

काटा तिने मुद्दामच पाडला. असा सहज पाडला, की बघणाऱ्याला वाटावं, बिचारीचा हात घसरला. मग मान खाली घालून ती वाट बघू लागली — वेटर किती लवकर येतो, नवा काटा आणतो की हाच पुसून देतो, आणि देताना तोंड कसं ठेवतो.

हेच तिचं काम होतं. हॉटेलमालक तिच्या कंपनीला सांगायचे, आमच्याकडे गुपचूप जेवायला माणसं पाठवा आणि पाहुण्यांची बडदास्त कशी ठेवली जाते ते कळवा. एकटं जेवणारं माणूस चटकन नजरेत भरतं, म्हणून कंपनी जोडीने पाठवायची. तिची जोडी समोर बसली होती. ऑफिसात त्याला सगळे मौनीबाबा म्हणत आणि तिला फौजदार. जायचं कुठे हे नेहमी तो फोन करून कळवायचा. आजही दुपारी त्याचा फोन आला होता... जेवायला येतेस ना?

आठवड्याचा मधला वार, त्यामुळे बिस्ट्रोत गर्दी बेताचीच. टेबलाटेबलावर छोटे दिवे, कडक नॅपकिन, आणि मौनीबाबाच्या अंगात चक्क इस्त्रीचा निळा शर्ट. त्या शर्टाकडे बघायचं नाही असं तिने ठरवून टाकलं. हे त्या दोघांचं शेवटचं जेवण होतं आणि तिच्या समजुतीने त्याला ते ठाऊक नव्हतं. सकाळीच तिने साहेबांकडे जोडीदार बदलून मागितला होता. कारण विचारलं तेव्हा ‘जमत नाही’ एवढंच म्हणाली. खरं कारण सांगायची तिची छाती झाली नव्हती.

निदान शेवटचं काम तरी चोख व्हावं म्हणून तिने आज नुसता उच्छाद मांडला. सूप कोमट म्हणून परत पाठवलं. वारा लागतो म्हणून टेबल बदलायला लावलं. सॉसमध्ये काय काय पडतं हे विचारून वेटरला घाम फोडला. मौनीबाबा आपला निमूट प्लेट उचलून तिच्या मागोमाग नव्या टेबलावर आला. मधेच त्याने बोलायला तोंड उघडलं, तर तिने त्याला डोळ्यांनीच दटावलं. मॅनेजर जवळून जात होता.

केक आला तेव्हा ती पुढे वाकून हळूच म्हणाली, “मी आठ मार्क देतेय. तू?”

“कशाचे?”

“सर्व्हिसचे. झोप लागली का तुला?”

त्याने नॅपकिनची घडी घातली, मोडली. “फौजदार... आज काम नाहीये. या जागेचा कंपनीशी काही संबंध नाही. तुला जेवायला — मी बोलावलं होतं.”

तिने चमचा खाली ठेवला. सूप, टेबल, सॉस... सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढून गेलं आणि कानशिलं तापली. आता धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

“मग थांबवलं का नाहीस मला?”

“मला वाटलं, तू एरवीही अशीच जेवतेस.”

ती हसणार होती, पण त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

“तू जोडीदार बदलून मागितलास, हे साहेबांनी सांगितलं मला. माझं काय चुकलं ते विचारायचं होतं. आणि... मला तू आवडतेस. आज बोललो नाही, तर जन्मात बोलणार नाही मी.”

इतकी वाक्यं त्याने एका दमात कधी उच्चारली नव्हती. ती आ वासून बघत राहिली. वेटर धास्तावून जवळ आला, पुन्हा काही चुकलं का म्हणून विचारू लागला. सगळं छान आहे, असं ती म्हणाली. त्याचा काही विश्वास बसला नाही, पण तो गेला.

“मला खरंच जमत नाही,” ती म्हणाली, आणि मौनीबाबाचा चेहरा पार उतरला. “तू समोर असलास की मला दुसरं काही दिसतच नाही. मागचे सगळे अहवाल मी मनाने रचलेत. काय खाल्लं तेही आठवत नव्हतं. नोकरी जाईल माझी अशाने!”

“म्हणजे...?”

“म्हणजे मलाही तू आवडतोस. बरेच दिवस झाले.”

आता आ वासायची पाळी त्याची होती. तोंड मिट, लोक बघतायत, असं ती त्याला सांगणार होती. त्याऐवजी तिने टेबलावरचा त्याचा हात धरला, आणि कोण बघतंय हे बघायचं तिला सुचलंच नाही.