साडेचारची पेशंट

वच्छलाबाई गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन पडल्या होत्या आणि गुडघा दाबायचा सोडून अख्खा पायच वर उचलत होत्या. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या प्रांजलीला राहवेना. ती उठली आणि त्यांच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, पाय उचलायचा न्हाई. टॉवेल दाबायचा. हां… आता सोडा."

"कसं बराबर दाखवलं बघ हिनं! ओम, आपण ह्याच मॅडमला धरायचं."

उशाशी उभा असलेला त्यांचा मुलगा ओमप्रकाश हसला. "मॅडम, रोज असता का तुम्ही इथं?"

'अहो, मी कसली मॅडम, मी पण पेशंटच,' एवढंच प्रांजलीला म्हणायचं होतं. पण ते काही तोंडातून निघेना. तीर्थपुरीत ब्लाउज शिवणाऱ्या प्रांजलीची कंबर चार वर्षांपासून दुखत होती. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, आता हे फिजिओथेरपीचं केंद्र. तिथल्या शीतल मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दुखणं मुळातून जाईलच असं नाही. पण व्यायाम सोडला नाहीस, तर ते तुझ्या ताब्यात राहील." आणि आईनं बजावलं होतं, "कुठं बोलू नको बाई. कमरेचं कळलं तर सोयरीक येणार न्हाई." त्यात समोरचा माणूस असा हसणारा! खोटं ती बोललीच नाही. नुसती मान हलवली.

झालं, ती मान हलवणं अंगाशी आलं. प्रांजली साडेचारला यायची, आपले व्यायाम उरकायची आणि पाचला मायलेक आले की ओढणी सारखी करून मॅडम व्हायची. शीतल मॅडम त्या वेळी आतल्या खोलीत लकव्याच्या पेशंटमध्ये गुंतलेल्या. त्यांना पत्ताच नाही! ओमप्रकाशच्या घरी चाळीस शेळ्या, पण पाचची वेळ त्यानं कधी चुकवली नाही.

"मॅडम, माझी पण मान दुखून राह्यली."

"कधीपासून?"

"तुम्ही नुसतं आईकडंच बघता… तेव्हापासून."

"मंग डोळे मिटून पडा जरा."

"डोळे मिटायचे असते तर… एवढ्या लांबून आलो कशाला असतो?"

प्रांजलीचे कान तापले. वच्छलाबाईंना मात्र ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

तीन हप्त्यांनी त्याच म्हणाल्या, "पोरी, सोमवारी येतो तुझ्या घरी. ओमसाठी बोलायला. तुझ्यावाणी दुखणी बरी करणारी सून पाहिजे मला."

ओमप्रकाशनं तिच्याकडे बघितलं आणि पटकन मान खाली घातली.  तो प्रांजलीला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण असा फसवून?

शनिवारी ती साडेचारला आलीच नाही, पाचला आली. मायलेक आत शिरले तेव्हा ती पलंगावर पाठ टेकून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलत होती. तशीच कुशीवर वळून सावकाश उठली.

"मावशी, मी मॅडम न्हाई. पेशंट आहे, ब्लाउज शिवते. चार वर्षं कमर दुखते माझी, पूर्ण जाईल असं न्हाई. आई म्हणाली लपव… मी लपवलं. आता सोमवारचं तुम्हीच ठरवा."

वच्छलाबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अगं बया! म्हंजे तीन हप्ते माझे गुडघे मी कपडे शिवणारीच्या हवाली केले?"

ओमप्रकाशचा चेहरा उतरला होता. "कमर दुखते त्याचा राग न्हाई मला. रोज समोर असून सांगितलं न्हाई, त्याचा हाय."

"सांगितलं असतं तर… तुम्ही असे बोलला असता माझ्याशी?"

"बोलून तर बघायचं होतं!"

"भीती वाटली. तुम्ही आवडता मला… म्हणून जास्तच वाटली."

तो सरळ आतल्या खोलीकडे गेला. गेलाच की हा! प्रांजली पर्स शोधू लागली. तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला.

"शीतल मॅडम, कमर दुखणाऱ्या माणसाला उचलून पायऱ्या चढायच्या तर कसं धरायचं?"

"पायऱ्या? कुठल्या दवाखान्याच्या?"

"दवाखाना न्हाई. जेजुरी. लग्न झाल्यावर नवरीला उचलून पाच पायऱ्या चढाव्या लागतात आमच्यात."

शीतल मॅडम म्हणाल्या, "एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली. झटका बिलकुल द्यायचा नाही. आणि… तिला विचारलं का?"

तो दारात येऊन उभा राहिला. "विचारतो… चालेल का?"

प्रांजलीनं डोळे पुसले. "पाचच पायऱ्या. पुढं मी चालेन… रोज व्यायाम करते मी."

"मंग सोमवारी येतोच," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुझ्या आईला सांगून ठेव, कमरेचं आम्हाला ठाऊक हाय. तिनं आता निवांत बसावं."