कुठली शिडी?

लिफ्टचं दार मिटतच होतं. तिच्या एका खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, काखेत स्टँड आणि दुसऱ्या हातात शिडी, लाकडी, घडीची, तिच्याहून वीतभर उंच. तेवढ्यात आतून एक हात पुढे आला आणि दार अडलं.

"या... सावकाश," हाताचा मालक म्हणाला. "हे दार, म्हणजे, फार तापट आहे."

"मग शिडीलाच आधी पाठवते. तुम्ही पुढच्या फेरीला या."

तो हसला, तेही जरा थांबून. चौथ्या मजल्यावर दोघं एकाच दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा मात्र दोघांनाही एकदम हसू फुटलं.

तो त्या प्रकाशनसंस्थेतला मुद्रितशोधक. बोलताना अधूनमधून अडायचा, म्हणून कचेरीत त्याला सगळे 'स्वल्पविराम' म्हणत. ती फोटोग्राफर, आणि आज तिची परीक्षा होती.

कचेरी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी चित्रकोश काढत होती. संपादकबाईंनी तिला एकच क्रियापद दिलं होतं, 'होल्ड'. कप धरणं, शिडी धरणं ही त्याची सरळ कामं. श्वास रोखणं, जीभ आवरणं, मनात राग धरून बसणं ही आडवळणाची. प्रत्येकाला एक फोटो.

"पाचपर्यंत पान पास झालं तर अख्खा कोश तुझा," बाई म्हणाल्या. "नाही झालं तर चहा पिऊन घरी जा."

घरी म्हणजे दादाच्या स्टुडिओत. पासपोर्टचे फोटो. मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका. लोकांना हसू नका सांगून सांगून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

पास करायची रीत या कचेरीची खास होती. तळमजल्यावर एक शिंपीणबाई बसायच्या. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. फोटो त्यांच्यासमोर धरायचा आणि त्यात काय चाललंय ते त्यांनी एका वाक्यात सांगायचं. नेमकं सांगितलं तर पास. नाहीतर पुन्हा काढा.

त्यात ठरलेला मॉडेल आलाच नाही. "याला घे," संपादकबाईंनी स्वल्पविरामाकडे बोट दाखवलं. "चेहरा बरा आहे आणि फुकट आहे."

खिडकीशी पांढरा पडदा लावून तिने त्याला उभं केलं. कप झाला. श्वास झाला, गाल फुगवून, डोळे वटारून. मग राग.

"कुणावर रागावता तुम्ही?"

"सध्या... स्वतःवरच."

"का?"

"सकाळी लिफ्टमध्ये, एक गोष्ट विचारायची होती. विचारली नाही."

"अस्सा." कॅमेऱ्याआड तिचे कान गरम झाले. "हाच चेहरा ठेवा. आता जीभ आवरलेली दाखवा."

"सकाळपासून, तेच तर करतोय."

फोटो जरा हलला. तिने दुसरा काढला.

शिडी शेवटी ठेवली होती, सोपी म्हणून. चढायला कुणी नव्हतं, तेव्हा तिनेच कॅमेऱ्याला टायमर लावला, पळत जाऊन शिडी चढली आणि छतावरच्या दिव्याकडे हात नेला. खाली त्याने शिडी धरली. लाल ठिपका लुकलुकू लागला. पायरी करकरली. तिने खाली पाहिलं, तो वरच बघत होता... आणि खटका पडला.

फोटो छापून घेऊन दोघं तळमजल्यावर आले. ओठांत टाचण्या धरून शिंपीणबाईंनी भराभर निकाल लावला. "हातात कप धरलाय. श्वास रोखून धरलाय. कुणावर तरी डूख धरलाय. बोलायचंय, पण गप्प बसलाय." शेवटच्या फोटोपाशी मात्र त्यांनी टाचण्या काढून हातात घेतल्या.

"हा पोरगा हिच्यावर भाळलाय."

तो बाजूलाच उभा होता. एकदम भिंतीवरचे मापाचे कागद वाचू लागला.

"आणि शिडी?" तिने कसंबसं विचारलं.

"कुठली शिडी? हां, आहे की. पण तिच्याकडे बघतंय कोण? तोही बघत नाही, तूही नाहीस. नापास."

लिफ्टमध्ये दोघंही आकडे बदलताना बघत राहिले. पाच वाजायला आले होते.

"पुन्हा काढू," ती म्हणाली. "चेहरे नकोत. फक्त तुमचे हात आणि माझे पाय."

"चेहऱ्यांनी, घोटाळा केला ना?"

"चेहऱ्यांनीच केला."

या वेळी तिने खाली पाहायचंच नाही असं ठरवलं. पण शिडी तसूभरही हलेना, तेव्हा न राहवून डोकावली. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"इतकं घट्ट?"

"तुम्ही... पडाल."

शिंपीणबाईंनी फोटो दिव्याखाली धरला. "कुणीतरी शिडी धरलीय. अगदी जिवाच्या आकांताने." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पास. आणि तो मघाचा फोटो फाडू नकोस."

पान छपाईला गेलं. कोश तिचा झाला. संपादकबाईंनी चहाही पाजला. दादाला कसं सांगायचं याचा विचार करत ती सामान घेऊन बाहेर आली, तर तो लिफ्टचं दार धरून उभा.

"शिंपीणबाई बरोबर बोलल्या आणि मला रोज तुझ्यासोबत याच लिफ्टने जायचंय," तो म्हणाला. एका दमात, कुठेही न अडता.

दार त्याच्या हाताला ढुसण्या देत होतं. तिने शिडी भिंतीला टेकवली. पुन्हा उचलली.

"उद्यापासून," ती म्हणाली, "ही शिडी... म्हणजे, तू उचलायची."

शिडी त्याच्या हातात देऊन ती आत शिरली.

"आत येतोस, की दारच धरून बसणार?"